जुन्या टॉकीजच्या पाटीला नवा उजेड देताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी आजोबांच्या वेळची टॉकीज. बरीच वर्षं बंद होती, आता सिनेमा आणि नाटक दोन्हींसाठी पुन्हा उघडायची आहे. दर्शनी भिंतीवर पत्र्याची मोठी अक्षरं, त्यांवर काचेच्या निऑन नळ्या, भोवती धावत्या बल्बांची चौकट. निम्म्या नळ्या फुटलेल्या, २१६ होल्डर आहेत पण बल्ब एकही नाही. बोर्डवाल्याचं म्हणणं, सगळं उतरवून एसीपी (ॲल्युमिनियमचे सपाट पॅनेल) लावू आणि एलईडी अक्षरं बसवू, नाहीतर सरळ मोठा स्क्रीन टाका. मोठे काका म्हणतात, पाटीला हात लावायचा नाही. मग करायचं काय?

दादा, काकांचं ऐका, पण अर्धंच. पाटीला हात लावावाच लागेल, कारण तिच्या पोटातली वायर आज धोक्याची आहे. पण बोर्डवाल्याच्या मार्गाने जाऊ नका. माझं सांगणं एवढंच: अक्षर जुनं ठेवा, उजेडाची यंत्रणा नवी घ्या, आणि नवीन वस्तू अशी बसवा की उद्या कुणी ती काढली तर खाली आजोबांची पाटी जशीच्या तशी सापडेल.

मी भुसावळला चौतीस वर्षं पाट्यांचं काम करतो. त्याआधी मुंबईत एका उस्तादांकडे काच वाकवायला शिकलो. एलईडी नवीन आली तेव्हा मीही एका गावात टॉकीजची पत्र्याची अक्षरं उतरवली आणि त्या जागी ॲक्रिलिकची अक्षरं लावली, आत पांढरीफेक ६५०० केल्विनची मॉड्यूल्स (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). रात्री उजेड भरपूर पडला. पण दिवसा ती पाटी सपाट, कुठल्याही मोबाइलच्या दुकानासारखी दिसायची. मालकांच्या आई समोरच्या ओट्यावर बसून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही आपली टॉकीज वाटत नाही." तोवर जुनी अक्षरं भंगारात वजनावर गेली होती. ती मला परत आणून देता आली नाहीत. ते अजून मनात आहे, म्हणून इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

पाटी दिवसा बारा तास दिसते आणि रात्री चार-पाच. उन्हात अक्षराच्या कडेची सावली भिंतीवर पडते, पत्र्याला खोली असते, रंगाच्या दोन छटा असतात. हे कुठल्याही दिव्याने येत नाही. म्हणून पहिलं काम दिव्याचं नाहीच, कागदाचं आहे. पाटी जागेवर असतानाच प्रत्येक अक्षरावर मोठा खाकी कागद लावून पेन्सिलने पूर्ण आकाराचा छाप घ्या. अक्षरामागे क्रमांक टाका, होल्डरांचं अंतर मोजा, नळ्या कुठून कुठे गेल्यात त्याचे जवळून फोटो काढा. रंगाचा एखादा कोपरा ओल्या पॉलिश पेपरने अलगद घासून पाहा, खालचे जुने थर दिसतील. कोरडं घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असायचं, त्याची धूळ फुप्फुसात जाते. कारागिराला मास्क द्या आणि खाली पडलेली भुकटी ओल्या फडक्याने गोळा करा.

छाप का घ्यायचा, तर तुमच्या पाटीत 'श' आणि 'ल' दोन्ही आहेत. जुन्या पेंटरने ते मराठी वळणाने काढलेत, शेंडीचा श आणि पाकळीचा ल. अक्षरं कॉम्प्युटरवर नव्याने टाइप केली तर बहुतेक वेळा हिंदी वळणाचा ल येतो आणि फॉन्टची जाडी सगळीकडे सारखी. शिवाय देवनागरी निऑनची एक खास गोष्ट आहे, ती तुमच्या फोटोत दिसते: शिरोरेषा एका लांब नळीची आहे, अक्षरांची वळणं तिच्याखाली वेगळ्या नळ्यांत आहेत, आणि नळी मागे वळून दुसऱ्या रेषेकडे जाते तिथे काचेवर काळा रंग फासलाय, म्हणजे जोडाचा भाग अंधारात राहावा. हा काळा रंग खरवडू नका. तो मळ वाटतो म्हणून पुसून टाकलेल्या पाट्या मी पाहिल्यात. मग रात्री अक्षराला भलतेच फाटे फुटतात.

आता लोखंड. अँगलचा सांगाडा आणि भिंतीत रुतलेले ब्रॅकेट हातोडीने वाजवून पाहा. गंजलेला अँगल बद्द वाजतो. मे अखेरीस आपल्याकडे जे वादळ येतं, ज्यात रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा आडव्या होतात, तेच वारं तुमच्या पाटीलाही लागणार आहे. वाऱ्याचा भार काढायची पद्धत आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग ३ मध्ये दिलेली आहे; स्थापत्य अभियंत्याकडून ती आकडेमोड करून घ्या आणि ब्रॅकेट बदलायचे तर आधी ते बदला. हे काम फोटोत दिसत नाही म्हणून लोक त्यावर पैसे वाचवतात. खाली तिकिटाची रांग उभी राहणार आहे, हे विसरू नका.

विजेचं म्हणाल तर आतली जुनी रबर-सुताची वायर पूर्ण काढून टाका, एक फूटही ठेवू नका. आणि तुम्ही स्वतः पाटी उघडू नका. निऑनच्या ट्रान्सफॉर्मरमधून १५,००० व्होल्टपर्यंत दाब निघतो. मेन स्विच काढून, फ्यूज खिशात ठेवून, अनुभवी माणसाकडूनच तपासणी करून घ्या.

नळ्या मेल्यात असं धरून चालू नका. निऑन वायूचा रंग मुळात नारिंगी-लाल असतो. फ्रेंच अभियंते जॉर्ज क्लोद यांनी १९१० साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा लोकांना दाखवला तोही हाच. अशा साध्या लाल नळीत पारा नसतो. काच धड असेल आणि टोकाचा इलेक्ट्रोड सीलबंद असेल तर ती कित्येक दशकं टिकते. बिघडतो तो ट्रान्सफॉर्मर आणि कुजते ती वायर. उच्च वारंवारतेचा छोटा टेस्टर काचेजवळ नेला की चांगली नळी हातातच उजळते. माझ्या अनुभवात, पाटी बंद पडली म्हणून लोकांनी सोडून दिलेल्या लाल नळ्यांतल्या बऱ्याच अशा जिवंत निघतात. निळी किंवा हिरवी नळी वेगळी. तिच्यात आरगॉनबरोबर पारा असतो. ती फुटली तर झाडू मारू नका. दारं-खिडक्या उघडा, ओल्या कागदाने तुकडे उचला, झाकणाच्या बरणीत बंद करा आणि अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

तुमच्याकडे नावाची लाल अक्षरं निम्मी शाबूत आहेत. माझा सल्ला, ती खऱ्या निऑनचीच ठेवा. फुटलेल्या नळ्या छापावरून वाकवून देणारे कारागीर आता थोडे उरलेत, पण मुंबईकडे मिळतात. नवा ट्रान्सफॉर्मर मात्र असा घ्या की उच्चदाबाच्या बाजूला वीज जमिनीकडे गळली तर तो आपोआप बंद होईल. १५ किलोव्होल्ट, ३० मिलिअँपिअरचा एक ट्रान्सफॉर्मर साधारण बारा-पंधरा मीटर नळी ओढतो, त्या हिशेबाने अक्षरांचे गट पाडा.

पैसा किंवा कारागीर यांमुळे ते जमलंच नाही, तर सिलिकॉनची एलईडी निऑन पट्टी हा दुसरा मार्ग आहे. त्यात दोन गोष्टी सांभाळा. एक, काचेची नळी चहूबाजूंनी उजळते आणि मागच्या पत्र्यावरही प्रभा पडते. साधी पट्टी फक्त पुढे उजेड फेकते, त्यामुळे अक्षर चिकटवल्यासारखं दिसतं. गोल, सगळीकडून उजळणारी पट्टी मागा आणि ती पत्र्यापासून काचेच्याच उंचीवर, जुन्या टेकूंवर बसवा. दोन, रंग. बाजारातली लाल एलईडी साधारण ६२० ते ६३० नॅनोमीटर तरंगलांबीची, एकसुरी लाल असते. निऑनच्या उजेडात ५८५ च्या पिवळसर रेषेपासून ६४० च्या पुढच्या गडद लालपर्यंत अनेक रेषा मिसळलेल्या असतात, म्हणून तो जिवंत निखाऱ्यासारखा वाटतो. नारिंगीकडे झुकणाऱ्या लाल पट्टीचे दोन-तीन नमुने मागवा आणि रात्री चालू निऑन नळीशेजारी धरून डोळ्यांनी निवडा. मोबाइलच्या फोटोवर निवडू नका, कॅमेरा निऑनचा रंग हमखास बदलतो. पीव्हीसीची स्वस्त पट्टी तर घेऊच नका, आपल्या उन्हात ती पिवळी पडून तडकते.

आता धावते बल्ब. माझा जीव या भागात सगळ्यात जास्त आहे. २१६ ला ३ ने भाग जातो, म्हणजे ज्याने चौकट आखली तो जाणकार होता. बल्ब तीन ओळींत वाटलेले असतात: पहिला, चौथा, सातवा एका ओळीत, दुसरा, पाचवा, आठवा दुसऱ्या, बाकीचे तिसऱ्या. ओळी क्रमाने लागल्या-विझल्या की उजेड धावतो. एकूण संख्येला ३ ने भाग गेला नाही तर चौकट जिथे मिटते तिथे धाव अडखळते. म्हणून दुरुस्तीत एक होल्डर "जास्तीचा" म्हणून कुणी काढू नये.

जुने १५ वॅटचे बल्ब लावले आणि सगळे सतत चालू धरले तर ३,२४० वॅट, म्हणजे पाच तासांत सोळा युनिटच्या वर. एक वॅटचे एलईडी बल्ब लावले तर २१६ वॅट, पाच तासांत जेमतेम एक युनिट. इथे एलईडीला पर्याय नाही, आणि मी तो शोधतही नाही. पण वॅटचा प्रश्न सुटला तरी नजरेचा उरतो. तारेचा बल्ब विझताना एकदम विझत नाही. तापलेली तार निवायला सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा घेते, तोवर शेजारचा उजळू लागलेला असतो. त्या सरमिसळीमुळे उजेड पाण्यासारखा वाहतो. एलईडी मात्र खटकन लागते, खटकन विझते, आणि तीच चौकट डोळ्यात टोचायला लागते. नवीन रोषणाई "स्वस्तातली" वाटते असं लोक म्हणतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. बल्ब महागातला असला तरी फरक पडत नाही.

यावर उपाय आहे. २४ व्होल्टचे छोटे एलईडी बल्ब घ्या आणि असा कंट्रोलर घ्या ज्यात उजळायचा आणि विझायचा वेळ वेगवेगळा ठरवता येतो. उजळायला थोडा कमी, विझायला थोडा जास्त, साधारण १५० ते २०० मिलिसेकंद. मग रस्त्यापलीकडे उभं राहून डोळ्याला पटेपर्यंत आकडे बदला. २१६ वॅटला २४ व्होल्टवर ९ अँपिअर होतात. तीन ओळींचे डावे-उजवे असे सहा भाग करा, प्रत्येकात ३६ बल्ब आणि दीड अँपिअर. असं केलं की शेवटचे बल्ब मंद दिसण्याची तक्रार राहत नाही. जुने पितळी होल्डर घासून तेच वापरा, पण चौकटीच्या आत मोठ्या अक्षरांत "फक्त २४ व्होल्ट" असं रंगवून ठेवा. पाच वर्षांनी येणाऱ्या वायरमनला हे कुणी तोंडी सांगणार नाही.

२३० व्होल्टचेच बल्ब ठेवायचा आग्रह असेल, तर कंट्रोलर रिलेचा, म्हणजे प्रत्यक्ष जोड तोडणाऱ्या स्विचचा घ्या. इलेक्ट्रॉनिक स्विचमधून बंद अवस्थेतही थोडी वीज झिरपते. जुन्या बल्बला ती जाणवायची नाही, एलईडी मात्र त्यावर भुतासारखी मिणमिणत राहते. रंग कुठल्याही परिस्थितीत २२०० ते २७०० केल्विनचा. याचा एक वेगळा फायदा आपल्याकडे जून महिन्यात कळतो. पहिल्या पावसानंतर पाखरांचे थवे उठतात तेव्हा पिवळ्या उजेडावर ती पांढऱ्यापेक्षा कमी येतात, आणि तिकीट खिडकीवरचा माणूस सुखाने बसतो.

धाव चालवणारा जुना मोटरचा ड्रम, ज्यावर पितळी पट्ट्या फिरतात, तो सापडला तर टाकू नका. स्वच्छ करून, वीज न जोडता, काचेच्या पेटीत लॉबीत ठेवा. मुलांना हाताने फिरवून दाखवा, धाव कशी होते ते एका फेरीत कळतं.

खान्देशातल्या एलईडी पाट्या बहुतेक कशाने मरतात, तर उष्णतेने. एलईडी स्वतः क्वचित जाते, जातो तो पॉवर सप्लाय, म्हणजे घरच्या विजेचा दाब एलईडीपुरता कमी करून देणारा डबा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास असतो. पश्चिमेला तोंड असलेल्या बंद पत्र्याच्या पेटीत दुपारी चारला हात घालून पाहा, टिकत नाही. असे बरेचसे पॉवर सप्लाय (एसएमपीएस) ५० अंशांपर्यंतच पूर्ण भार देतात, पुढे त्यांची ताकद घटत जाते. आतल्या कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. म्हणून पॉवर सप्लाय पाटीत बसवू नका. भिंतीमागे, प्रोजेक्टर खोलीजवळच्या सावलीच्या जागी, हवेशीर पेटीत ठेवा आणि तिथून जाड वायर पाटीकडे न्या. तुमच्या बल्बांचा भार २१६ वॅट, तर सप्लाय ३५० वॅटचा घ्या, म्हणजे तो साठ टक्क्यांच्या आसपासच चालेल. पाटी दिवसा बंद असली तरी दिवसभर भाजलेली असते आणि सातला आपण ती लावतो, हे बोर्डवाले हिशेबात धरत नाहीत.

पेटीला झरोके ठेवा पण बारीक जाळी लावा. जिनिंगच्या हंगामात कापसाची रुई हवेत असते, ती झरोक्यात बसून गादी होते. जाळी दिवाळीनंतर आणि होळीनंतर अशी वर्षातून दोनदा झाडली की पुरे.

अर्थिंगचं आपल्या काळ्या मातीत वेगळंच आहे. पावसाळ्यात रीडिंग उत्तम येतं. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते, आक्रसून इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध वाढतो. म्हणून अर्थिंगचं माप मे महिन्यात घ्या, ऑगस्टमध्ये घेतलेल्या मापावर जाऊ नका, आणि खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं काम एका माणसाला नेमून द्या. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आहे, तुमच्या ठेकेदाराला तो क्रमांक सांगा. एलईडीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि मेनवर सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेला दाब अडवणारा) हवाच. वळवाच्या पहिल्या विजेत दुरुस्तीचा सगळा खर्च एका झटक्यात जाताना मी पाहिलाय.

स्क्रीनबद्दल. मी त्याच्या विरुद्ध नाही, जागेच्या विरुद्ध आहे. नावाच्या चौकटीत तो नको. खाली, जिथे पूर्वी "आजचा खेळ"चा फळा असायचा, तिथे छोटा लावा. पी-१० म्हणजे दोन ठिपक्यांत १० मिलिमीटर अंतर, तो दहा मीटरपलीकडून नीट दिसतो. त्याचं एक मॉड्यूल ३२ बाय १६ ठिपक्यांचं असतं. इंग्रजी अक्षर १६ ठिपक्यांच्या उंचीत बसतं, मराठी नीट बसत नाही; वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, मधल्या जोडाक्षराला पुरेशी जागा उरत नाही. "स्त्री" किंवा "कृष्ण" वाचायचं तर निदान दोन मॉड्यूलची, म्हणजे ३२ ठिपक्यांची उंची हवी. विकणारे एका ओळीचा भाव सांगतात, तेव्हा हे लक्षात ठेवा. रात्री त्याची तीव्रता दिवसाच्या दहा-पंधरा टक्क्यांवर आणा, नाहीतर वरचं निऑन त्याच्यापुढे फिकं पडेल. लाल "हाऊसफुल्ल"ची पेटी मात्र जुनीच दुरुस्त करा. ती उजळली की रस्त्याला कळतं.

परवानगीचं थोडक्यात: पाटीसाठी नगरपालिकेला विचारा. निऑन उच्चदाबाचं असल्याने चालू करण्याआधी विद्युत निरीक्षकांना लेखी कळवावं लागतं. अग्निशमनवाल्यांना खालून बंद करता येईल असा स्विच बाहेरच्या भिंतीवर हवा. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या, कागद टॉकीजच्या परवान्याच्या फायलीत लावा.

दिवाळीनंतर छाप आणि लोखंडाचं काम सुरू करा, जानेवारीत नळ्या वाकवायला पाठवा, मार्चपर्यंत वायरिंग. सगळी पाटी एकदम लावून पाहू नका. आधी एकच अक्षर आणि चौकटीची एकच बाजू जोडा. अंधार पडल्यावर काकांना एसटी स्टँडच्या बाजूला उभं करा आणि तिथून त्यांना काय दिसतं ते विचारा. गेल्या वेळी मी हे केलं तेव्हा पानटपरीवरचे एक म्हातारे बाबा रस्ता ओलांडून आले, वर बघत म्हणाले, "आते नाव दिखस, भो!" त्यानंतरच मी उरलेली अक्षरं जोडली. तुमच्या 'श'चा छाप तयार झाला की त्याचा फोटो मोजपट्टीसह पाठवा. वरच्या शेंडीची नळी कुठे वळवायची ते मी त्यावर आखून देतो.